अर्ध्या दिवसाची गयाबाई

आमच्या कचेरीत एका नोकरीत दोन बाया होत्या. दोन नोकऱ्या नव्हेत, नोकरी एकच. सकाळची अर्धी गयाबाईची, दुपारची अर्धी सुगंधाची. त्यातली गयाबाई कशी होती ते मला लिहून ठेवायचं आहे. मी चौथी शिकलेला माणूस. पण सदतीस वर्षं त्या तालुक्याच्या कचेरीत शिपाई होतो, आणि जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहायला पाचवी लागत नाही.

झालं होतं असं, की झाडलोटीची एक जागा निघाली आणि दारात दोघी येऊन उभ्या राहिल्या. गया वरच्या डोंगरपट्ट्यातली, नवऱ्यानं टाकलेली, आईला घेऊन तालुक्याच्या गावी खोली करून राहिलेली. सुगंधा जवळच्या वाडीची, नवरा ऊसतोडीला जाणारा, एक पोरगी कडेवर आणि एक पदराला. तेव्हाचे साहेब मऊ मनाचे. त्यांना एकीलाही नाही म्हणवेना. त्यांनी वर लिहून जागेचे दोन तुकडे करून घेतले. म्हणाले, "सकाळ हिला, दुपार तिला. दोन घरं जगतील." दोघी पाया पडल्या. मीही मनात म्हटलं, देवमाणूस आहे. चांगल्या मनानं केलेलं काम वीस वर्षांनी काय होऊन उभं राहतं, ते त्या बिचाऱ्याला काय माहीत.

गया अंगानं बुटकी, चालणं तुरुतुरु. आठाच्या ठोक्याला कचेरीत. सरकारी झाडू ती हातात धरत नसे. "ह्याला काय झाडू म्हनावं? माझ्या पगारावानी अर्धाच हाय," म्हणायची, आणि शिंदीच्या पानांचा स्वतः बांधलेला झाडू घेऊन यायची. झाडताना तिला साहेब आणि सातबाऱ्याला आलेला माणूस सारखेच. एकदा नवे साहेब आले. पोरसवदा, नुकतेच परीक्षा पास झालेले. सकाळीच येऊन खुर्चीत बसले. गया झाडत झाडत टेबलाखाली शिरली.

"पाय उचला."

साहेबांनी पेपर खाली केला. "मी कोण आहे, माहीत आहे का?"

"साहेब हायत. पाय उचला."

तिचं झाडून होईपर्यंत साहेब दोन्ही पाय अधांतरी धरून बसले. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मानूस बरा हाय, तात्या. दोन्ही उचलले. आदीचा एकच उचलायचा."

दुसरी तिची सवय, ओल्या फरशीवर कुणाला पाय ठेवू द्यायचा नाही. एक पुढारी आमच्याकडे कायम रांग मोडून घुसायचे. चार माणसं पुढं, चार मागं. एका सकाळी गयानं त्यांना उंबऱ्यावरच अडवलं.

"थांबा. वाळू द्या."

"बाई, मला घाई हाय."

"फरशीला न्हाई."

मागचा एक कार्यकर्ता पुढं आला, "ये बाई, कोन हायत वळखलं न्हाई का?"

"वळखलं की. म्हनून तर थांबवलं. इलेक्शन तोंडावर आलंय, आत्तापासूनच कशाला पडायचं?"

पुढारी स्वतःच हसले आणि दहा मिनिटं बाहेर उभे राहिले. तेवढ्यात रांगेतल्या सहा माणसांची कामं उरकली. गयानं फरशी मुद्दाम जास्त ओली केली होती असं माझं म्हणणं. तिनं ते कधी कबूल केलं नाही.

शिक्षण तिचंही माझ्याइतकंच. पण कुणाचा कागद कुठल्या टेबलावर अडलाय ते कारकुनाआधी तिला माहीत. मेंढरं राखणारा एखादा म्हातारा व्हरांड्यात दिवसभर बसला असला की ती फडकं मारता मारता त्याच्या कानाशी बोलायची, "त्या टेबलाला आत्ता जाऊ नका मामा. चहा पिऊन येऊ द्या त्याला." जमिनीच्या तंट्याच्या फायली पुसताना एकदा मला हाक मारली. दोन सख्ख्या भावांच्या फायली कपाटात शेजारी लागल्या होत्या. म्हणाली, "बघा तात्या, बांधावर एकमेकाच्या डोक्यात काठी घालतेत अन् हितं कसे टेकून बसलेत."

साडेबाराच्या एसटीनं सुगंधा यायची. तिचं पाऊल आत पडल्याशिवाय गया कचेरी सोडायची नाही. मग दोघी मागच्या कडुनिंबाखाली बसून भाकरी खायच्या. तो अर्धा तास सरकारचा नव्हता, त्या दोघींचा होता. तिथं काय बोलणं चालायचं ते मला कळलं नाही, पण हसणं खिडकीतून आत यायचं. सख्ख्या बहिणींत इतकं नसतं.

सुगंधाला सही करायला गयानंच शिकवलं. सुरुवातीला सुगंधा अंगठा उठवायची. एका साहेबांनी फर्मान काढलं, मस्टरवर अंगठा चालणार नाही. गयानं त्या कडुनिंबाखाली काडीनं मातीत लिहून लिहून पंधरा दिवसांत तिला नाव लिहायला लावलं. त्यामुळं झालं असं, की दोघींचं अक्षर एकच. गयाच्या ग चा पाय आतल्या अंगाला वाकायचा, तर सुगंधाच्याही ग चा तसाच वाकायचा.

हे मी का सांगतो, ते पुढं येईल.

आमच्या भागात दसरा झाला की अर्धी गावं रिकामी होतात. टोळ्या ऊस तोडायला जातात. सुगंधाच्या नवऱ्याला बायको बरोबर न्यावीच लागे, जोडीशिवाय पुरती मजुरी नाही. आणि अर्ध्या नोकरीवर चार माणसांचं घर चालत नाही. पहिल्या वर्षी सुगंधा रडतच आली, "गयाबाई, मी जाते. माझी जागा गेली म्हना आता."

गया म्हणाली, "जागा कुठं जाती? तिला काय पाय हायत? तू जा. पाडव्याला ये. तवर मी बघते."

तेव्हापासून दर हिवाळ्यात गया सकाळी आठपासून कचेरी बंद होईपर्यंत राबायची. सकाळची झाडलोट आपली म्हणून, दुपारची सुगंधाची म्हणून. मस्टरवर दोन सह्या करायची, अक्षर एकच म्हणून कागदावर कुणाला फरक दिसत नसे. त्या महिन्यांचा आपल्या नावचा पगार सुगंधा परत आल्या आल्या गयाच्या हातात ठेवायची, त्यात कधी तंटा झाला नाही. पहिल्या दिवशी सुगंधाच्या रकान्यात सही करताना गयानं माझ्याकडे बघितलं. मस्टर माझ्या ताब्यात असायचं. मी खिडकीबाहेर बघितलं. माझा हिशेब सरळ होता. मस्टर विचारतं, काम झालं का? काम झालेलं होतं. कुणी केलं, ते विचारायला मस्टरला तोंड नाही. खोटेपणा मला आयुष्यात चाललेला नाही, आणि हा मला खोटेपणा वाटला नाही.

मग एका हिवाळ्यात गयाच्या आईचा खुबा मोडला. आंबेजोगाईला दवाखान्यात घेऊन गेली ती सतरा दिवस आलीच नाही. सुगंधा तिकडं उसात. मग कचेरी मी झाडली. शिपाई असलो तरी झाडू माझं काम नव्हतं, पण मी झाडली, सकाळची आणि दुपारचीही. आणि मस्टरवर गयाच्या रकान्यात सतरा दिवस लाल शाईनं गैरहजर लिहिलं. अर्धवेळाला रजा नसते. आला तर हजर, नाही तर गैरहजर. सुगंधाचा रकाना मी कोरा ठेवला. तिथं काही लिहायचं म्हणजे ती बाई महिना-महिना कुठं असते तेही लिहावं लागलं असतं.

गया परत आली. मस्टर उघडलं. सुगंधाच्या सतरा कोऱ्या रकान्यांत तिनं एका दमात सह्या केल्या. मग स्वतःच्या ओळीवरून, त्या लाल अक्षरांवरून, बोट फिरवलं.

मी म्हटलं, "तू नव्हतीस, म्हणून तसं लिहिलंय."

"बराबर हाय की, तात्या. नव्हतेच मी," ती म्हणाली आणि झाडू घेऊन निघून गेली.

चार वर्षांपूर्वी वरून जीआर आला. आमचे अव्वल कारकून, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, त्यांनी दोघींना बोलावून समजावून सांगितलं. अर्धवेळ प्रकार बंद. दोन अर्ध्या जागांची मिळून एक पूर्ण जागा होणार. त्या जागेवर दोघींतल्या ज्येष्ठ बाईला बढती, परमनंट, क्लास फोर, पुढं पेन्शन. दुसरीची सेवा संपली.

"म्हंजे आमच्यातली एक?" गयानं विचारलं.

"एक."

"अन् दुसरीला काय, दुसरं काम देतेत का?"

"त्याच्यात तसं काय लिहिलेलं नाही, गयाबाई."

त्या दिवशी दोघींनी कडुनिंबाखाली भाकरी सोडली, खाल्ली, बांधली. हसणं काही आत आलं नाही. पण ती जागा गयाची, हे कचेरीत सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. ती वयानं मोठी, नेमणुकीच्या कागदावर तिचं नाव पहिलं, बारा महिने हजर. सुगंधाही म्हणाली, "तुमचीच हाय गयाबाई. माझं काय, मला ऊस हाय."

गयाला ती जागा हवी होती. खोटं कशाला बोलू, मी बघितलं आहे. एक दिवस साहेबांच्या दाराबाहेर माझं स्टूल असतं ते पुसत होती. पुसून झालं तरी पुसतच होती. मग म्हणाली, "तात्या, परमनंट झाल्यावर असलं मला बी देतील का?"

"देतील की. कावून?"

"वीस वर्षं झाली. ह्या बिल्डिंगीत मला बसायला जागा न्हाई. बाहेर झाडाखाली हाय, आत न्हाई. आईला पेन्शनीचं सांगितलं तर तिला कळना. म्हनलं, आई, मला स्टूल मिळनार हाय. ते कळलं तिला."

महिन्यानं ज्येष्ठता यादी आली. एक नंबरला सुगंधा.

नियम असा होता, की नेमणूक एकाच तारखेची असेल तर ज्याच्या सेवेत खंड नाही तो वर. सुगंधाच्या नावापुढं लिहिलं होतं, खंड नाही. गयाच्या नावापुढं, खंड सतरा दिवस.

भाऊसाहेबांनी मला आत बोलावलं. समोर जुनी मस्टरं मांडलेली. "तात्या, ही सुगंधा वीस वर्षांत एक दिवस पण गैरहजर नाही? एक पण नाही?" त्यांनी एक कागद माझ्याकडं सरकवला. "पडताळणीचा कागद आहे. मस्टर तुमच्या ताब्यात होतं. बरोबर आहे अशी तुमची सही लागते. उद्या सकाळी करा."

ते शहाणे गृहस्थ होते. एक रात्र त्यांनी मला मुद्दाम दिली असं मला वाटतं.

मी कचेरी सुटल्यावर तडक गयाच्या खोलीवर गेलो. ती आईला भाकर कुस्करून देत होती. मी दारातूनच म्हटलं, "मी सांगणार हाय. खरं हाय ते सांगणार. त्या सह्या तुझ्या हायत, सगळे हिवाळे तू काढलेस. मी भीत नाही कुणाला."

"बसा आदी."

"बसत नाही."

"मग हुबं ऱ्हाऊन ऐका. सांगितलं, तर सुगंधाची गेली. सुगंधाच्या नावानं सह्या केल्या म्हनून माझी गेली. मस्टर तुमच्याकडं हुतं म्हनून तुमची पेन्शन गेली. मग काय करायचं तिघांनी? पारावर बसून एकमेकाच्या उवा बघायच्या?"

तिची आई हसली. तिला नीट ऐकू यायचं नाही, तरी हसली.

"अगं, पण तू केलंस सगळं. अन् जागा तिला?"

"तिनं काय चोरली का? तिनं मागितलं बी न्हाई. मीच घातल्या सह्या." मग म्हणाली, "तिचं नाव एवढं चांगलं राखलं मी, तात्या. माझंच राखायचं ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी भाऊसाहेबांपुढं उभा राहिलो. सदतीस वर्षांत मी साहेबांना तोंडावर सुनावलं आहे, एकदा बदलीची ऑर्डर परत केली आहे, कुणापुढं मान खाली घातलेली नाही. गया दाराशी फडकं पिळत होती. भाऊसाहेबांनी विचारलं, "मस्टर बरोबर आहे ना?" मी बरोबर आहे म्हटलं आणि सही केली. पेन माझंच होतं.

सुगंधाला यादी कळली तशी ती भाऊसाहेबांकडं धावली, "मला नको ती जागा, मी लिहून देते. गयाबाईला द्या." भाऊसाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही नको म्हणालात तर जागा जिल्ह्याच्या यादीवर जाते. दुसऱ्या तालुक्यातलं कुणीतरी येईल. गयाबाईंचा नंबर त्या यादीत फार खाली आहे. त्यांना तर मिळत नाहीच, तुमचीही जाते." त्यांनी कागद उलटासुलटा करून बघितला. त्यांनाही त्यात कुठं फट सापडेना.

तिथून ती माझ्याकडं आली. आयुष्यात पहिल्यांदा मला मोठ्या आवाजात बोलली.

"तात्या, ते सतरा दिवस कचेरी कुनी झाडली?"

"मी."

"सकाळची बी?"

"सकाळची बी."

"मग काम झालतंच की. माझ्या रकान्यात तुमी काय लिहिलं न्हाई. तिच्यातच कावून लिहिलं?"

मी तिला म्हटलं, तुला कळत नाही, नियम असतो. ती गेली. रात्री मी अंथरुणावर विचार केला. गयानं मला मागितलं असतं, तात्या, तेवढं हजर लिहा, तर मी लिहिलं असतं का? नसतं. आजही मला वाटतं, लिहिलं नसतं. आणि हेही वाटतं, की तिला ते पक्कं माहीत होतं म्हणूनच तिनं मागितलं नाही. दुसऱ्याच्या रकान्याच्या वेळी मी खिडकीबाहेर बघितलं, तिच्या वेळी मला नियम आठवला. ह्याचा काय अर्थ लावायचा तो लावा. मी लावायचं सोडून दिलं आहे.

शेवटी गयानंच सुगंधाला कडुनिंबाखाली बसवून झापलं. "घे गं ती जागा, गप. नाटकं करू नको. दोन्ही लेकी लग्नाच्या हायत तुझ्या. दोघी बुडन्यापरीस एक तर वर ऱ्हाऊ दे." सुगंधा तिच्या मांडीवर डोकं टाकून रडली. गया तिच्या केसांतला पाला काढत राहिली.

ऑर्डर निघाली त्या दिवशी गया नेहमीसारखी आठाला आली. सुगंधाला पहिल्यांदाच सकाळी बोलावलं होतं. वीस वर्षांत सुगंधानं त्या कचेरीची सकाळ कधी बघितली नव्हती. गया तिला घेऊन खोली-खोली फिरली. कुठली खिडकी अडकते, कुठल्या कारकुनाच्या टेबलावरचा कागद हलवला की तो ओरडतो, रेकॉर्डच्या खोलीत आधी पाय आपटायचा मग आत शिरायचं, कारण तिथं विंचू निघतात. सुगंधा मान हलवत होती. मला वाटलं, साडेबाराला काही होईल, कुणी दोन शब्द बोलेल. साहेब जिल्ह्याला मीटिंगला गेले होते. भाऊसाहेब जेवायच्या सुट्टीआधीच घरी गेले, एरवी कधी जात नसत. गया हात धुऊन, पदर सारखा करून निघाली. अर्धवेळाला निरोपसमारंभ नसतो. पूर्ण वेळवाल्यांचा असतो. पुढं माझा झाला, शाल मिळाली. ती मी अजून घडी मोडून वापरलेली नाही.

गयाची आई त्या पावसाळ्यात गेली.

दसऱ्यानंतर मी पेन्शनीच्या कागदासाठी कचेरीत गेलो होतो. दुपारची वेळ. समोर रस्त्याच्या कडेला टोळीची ट्रक भरत होती. भांडीकुंडी, सरपण, शेळ्या, पोरं. मुकादम वही घेऊन नावं ओरडत होता. त्यात गयाचं नाव आलं.

मी रस्ता ओलांडून गेलो. ती ट्रकमध्ये चढून बसलीसुद्धा होती, एका कोपऱ्यात, बोचकं मांडीवर. पन्नाशीची बाई, जन्मात कधी ऊस तोडलेला नाही.

मी मुकादमाला म्हटलं, "अरे, हिला कशाला नेतोस? हिला जमणार हाय का?"

तो म्हणाला, "बाबा, मी न्हाई नेत. तीच आली. एकटी बाई हाय, जोडी न्हाई. अर्धा कोयता धरलाय तिला."

उसात नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. एकटा माणूस म्हणजे अर्धा. मजुरीही तशीच.

गयानं ते ऐकलं आणि मला म्हणाली, "काय तात्या, ऱ्हाऊ द्या की. मला कुठं पुऱ्याची सवय हाय?"

मी काहीतरी बोलणार होतो. माझ्या घरी ये म्हणणार होतो, की पोरांना सांगून कुठं काम बघतो म्हणणार होतो, आता आठवत नाही. ट्रकच्या कडेला हात धरून मी उभा होतो. एवढ्यात कचेरीच्या फाटकात सुगंधा आली. खाकी कापडाची साडी, हातात फायलींचा गठ्ठा. तिला ट्रक दिसली, ट्रकमधली गया दिसली. ती दोन पावलं रस्त्यावर आली. आतून साहेबांची घंटा वाजली. ती थांबली. घंटा पुन्हा वाजली, जरा लांब. सुगंधानं गयाकडं बघितलं. गयानं हातानंच तिला आत जा म्हणून खुणावलं, असं रागानं, लहान पोरीला खुणावतात तसं. सुगंधा वळली आणि पळत आत गेली.

"तात्या," गया म्हणाली, "हात काढा. फळी लावत्यात."

मी हात काढला. दोन गड्यांनी मागची फळी वर उचलून आकडे घातले. बाया खाली बसलेल्या, फळी उंच. वरून नुसते पदराचे शेव दिसत होते, आठ-दहा. ट्रक हलली तसे तेही हलले. त्यातला तिचा कुठला, ते मला वळणापर्यंत ओळखता आलं नाही.